कोरलेला बेस

बेस परत आला त्या शनिवारी कावेरीला घाई होती. संध्याकाळी रेसिडेन्सी रोडवरच्या एका पबमध्ये तिच्या बँडचा कार्यक्रम होता. नेक, म्हणजे बेसची मान, जरा वाकलीय, नीट करून देतो, असं म्हणून जुने बेस जमवणाऱ्या शुभंकरने नेलेला तिचा बेस गिटार तो दुपारी चामराजपेटच्या घरी ठेवून गेला होता. ती बँकेतून घरी आली, कपडे बदलले, पेटी उचलली आणि रिक्षात बसली. पेटी उघडली ती थेट स्टेजवर. वायर लावली, सगळ्यात जाड तार छेडली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

आवाज मोठा होता, स्वच्छ होता. वाजवत नसताना यायची ती बारीक घूंघूंही गेली होती. पण हा तिच्या बेसचा आवाज नव्हता. त्याच्या तळाशी एक घोगरेपणा असायचा, बोलून बोलून घसा बसलेल्या माणसासारखा. तो कुठेच नव्हता. तिने बेस दिव्याखाली धरला. तारांखाली जिथे दोन अरुंद काळे पिकअप असायचे, तिथे दोन रुंद, कोरे करकरीत पिकअप बसवले होते. पिकअप म्हणजे तारेची थरथर ओढून घेऊन तिची वीज करणारं लोहचुंबक. बेसचा आवाज म्हणाल तर अर्धा तिथेच असतो. नवे पिकअप जुन्यांच्या जागेत मावणारे नव्हते. म्हणजे लाकूड कोरलं होतं. बेस उलटा केला तर पाठीवरही कोरून नव्या पिकअपना लागणाऱ्या बॅटरीचा खण केलेला, आणि त्याच्या कडेला पस्तीस वर्षांचं पॉलिश टवके उडून कच्चं लाकूड उघडं पडलेलं.

त्या संध्याकाळी तिने पूर्ण कार्यक्रम वाजवला. तारा इतक्या जोरात ओढत होती की ड्रमवाल्याने दोनदा वळून पाहिलं. काय झालं, असं त्याने नंतर विचारलं तेव्हा ती वायर गुंडाळत राहिली. बोलायला तोंड उघडलं तर आपण ओरडू, हे तिला कळत होतं.

हा बेस मूळचा तिच्या वडिलांचा. विश्वासराव घाटगे दिवसा सरकारी कचेरीत आणि संध्याकाळी कँटोन्मेंटमधल्या हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात असायचे. ऑस्ट्रेलियाला कायमच्या निघालेल्या एका अँग्लो-इंडियन वादकाकडून त्यांनी तो घेतला होता, अमेरिकन बनावटीचा, चौसष्ट सालचा. इकडे कन्नड मुलखात आलेल्या आपल्या घराण्यात तीनशे वर्षांत कुणी असलं वाद्य हातात धरलं नव्हतं, असं ते अभिमानाने सांगत. मुलीला त्यांनीच शिकवलं. पुढे अर्धांगाचा झटका आला, डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली, आणि बेस कावेरीच्या खोलीत गेला. तो तिला दिला, असं मात्र ते कधी म्हणाले नव्हते. तिनेही कधी विचारलं नव्हतं. दहा-अकरा वर्षं रोज वाजवत होती, त्यात विचारायचं काय, असं तिला वाटे.

शुभंकर पुण्याचा. कंप्युटर कंपनीत होता, वर्षातले काही महिने अमेरिकेत असायचा आणि येताना जुने बेस, जुने अँप्लिफायर, जुने नट-बोल्टसुद्धा घेऊन यायचा. बनशंकरीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. दर रविवारी सकाळी त्याच्याकडे हौशी मंडळी जमायची. एकाच अँप्लिफायरवर, एकाच वायरने एकेक बेस वाजवायचा, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि कुठला कुठल्या सालचा ते ओळखायचं. त्यात कावेरी एकटी बाई, आणि पैसे घेऊन वाजवणारीही ती एकटीच. तिचा बेस वाजला की डोळे न उघडताच सगळे ओळखायचे. शुभंकर पहिल्या भेटीपासून तिला अगंतुगं करायचा. ती त्याला अहोजाहोच करत राहिली. पुण्याच्या लोकांची पद्धत असेल, म्हणून सोडून दिलं होतं.

रविवारी सकाळी ती पेटी घेऊन बनशंकरीला गेली. जिन्याच्या निम्म्यावर असतानाच वरून आवाज आला आणि तिचे पाय थांबले. तोच घोगरेपणा. वरच्या खोलीत कुणीतरी तिचा बेस वाजवत होतं, आणि तिचा बेस तर तिच्या हातातल्या पेटीत होता.

ती आत गेली. पाच-सहा जण सतरंजीवर डोळे मिटून बसले होते. शुभंकरच्या मांडीवर त्याचा स्वतःचा चौसष्टचा बेस होता, गेल्या वर्षी अमेरिकेहून आणलेला. त्याचं सगळं अस्सल होतं, फक्त पिकअप कुणीतरी पूर्वीच बदलले होते, आणि ते दुःख तो भेटेल त्याला सांगत असे. आता तारांखाली दोन अरुंद काळे पिकअप होते. एकाचा कोपरा उडालेला होता. तो कोपरा कावेरीच्या हातूनच उडाला होता, कॉलेजात असताना.

"हे माझे आहेत," ती म्हणाली.

सगळ्यांनी डोळे उघडले. शुभंकर गडबडला नाही. त्याने तिला बसायला सांगितलं, आणि मग समजावणीच्या सुरात सांगू लागला की नवे पिकअप जुन्यांपेक्षा किती तरी भारी आहेत, खास तिच्यासाठी कॅलिफोर्नियाहून मागवलेत, आता पबमध्ये घूंघूंचा त्रास नाही, तिचा तर फायदाच झालाय. आणि इकडे एक बेस पूर्ण झाला. सगळे पार्ट एकाच सालचे. भारतात असा दुसरा नसेल.

"मला विचारलं का नाही?"

"अगं, काकांना विचारलं ना. बेस त्यांचा आहे. ते हो म्हणाले." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, असली वस्तू रोज पबमध्ये नेऊन बडवायची नसते."

"मग काय करायचं असतं तिचं?"

तो मांडीवरच्या बेसच्या तारा पुसू लागला.  मंडळींतल्या एकाने हळूच सुचवलं की जे झालं ते बसून बोलून मिटवता येईल, एवढं मनाला लावून घेऊ नये. कावेरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. काकांना विचारलं, एवढंच तिच्या कानात राहिलं होतं. पेटी उचलून ती जिना उतरली.

घरी विश्वासराव व्हरांड्यात पेपर वाचत होते. तिने विचारलं आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. शुभंकर दोन-तीनदा आला होता, ती बँकेत असताना. तास तास बसायचा. ऑर्केस्ट्रातले जुने दिवस, कोण कसा वाजवायचा, सगळं विचारायचा. गेल्या कित्येक वर्षांत कुणी ते विचारलं नव्हतं. त्याच्या संग्रहात हा आवाज जपला जाईल, त्यावर विश्वासराव घाटगे असं नाव राहील, असं तो म्हणाला होता.

"तिथे नीट राहील गं," ते म्हणाले. "तू नेतेस त्या जागी बिअर सांडते, माणसं ढकलाढकली करतात. मला वाटलं, आवाज तरी वाचेल. तुला वाजवायला बेस आहेच की."

"आणि माझं वाजवणं? ते नीट राहायला नको?"

"तसं नाही, कावेरी. स्वल्प ऐकून तर घे."

तिने ऐकलं नाही. पेटी उघडून बेस त्यांच्या समोर स्टुलावर पालथा ठेवला, बॅटरीचं झाकण काढलं, आणि त्यांचा उजवा हात धरून बोटं त्या खणाच्या कडेवरून फिरवली. विश्वासरावांचं तोंड उतरलं. कोरायचं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन स्क्रू काढायचे, दोन लावायचे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मग त्यांचा आवाज चढला. माझ्या बेसला पटाशी लावतो म्हणजे काय, आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलाव, मी बघतो त्याच्याकडे, असं म्हणत ते काठी शोधू लागले.

"तुम्ही रागावू नका, अण्णा," कावेरी म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात. हा राग माझा आहे."

ते परत खुर्चीत बसले. तिने बेस पेटीत ठेवला आणि एकटीच निघाली.

बनशंकरीला मंडळी जेवून बसली होती. कावेरी कुणाशी बोलली नाही. कोपऱ्यात शुभंकरचा बेस स्टँडवर होता, तो तिने उचलून सतरंजीवर आडवा ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला. कुणी हललं नाही. मग खिडकीपाशी बसलेले भीमाचार्य उठले. ते टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, के. आर. पुरमहून दर रविवारी दोन बस बदलून यायचे. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर घरी बनवायचे, आणि मंडळींचं सगळं वायरिंग त्यांच्याच हातचं असे. त्यांचा चेहरा पडला होता.

"हे मीच लावले अम्मा," ते म्हणाले. "तुझा बेस माझ्यापर्यंत आला तेव्हा कोरलेलाच होता. तूच सांगितलंयस असं हा म्हणाला. मी तुला एक फोन करायला हवा होता." त्यांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला. "तू उघड. कुठली वायर कापायची ते मी दाखवतो."

तेव्हा शुभंकर पुढे आला. ही चोरी आहे, तो म्हणाला. काकांशी बोलणं झालंय, अदलाबदल झालीय, आता असं मध्येच येऊन कुणाच्या वस्तूला हात लावता येणार नाही.

कावेरीने पहिला स्क्रू सैल केला. "पोलीस स्टेशन जवळच आहे," ती म्हणाली. "चला. तिथे मीही माझा बेस उघडून दाखवते."

तो तिथेच उभा राहिला. तारा तिने एकेक सैल केल्या, दोन्ही पिकअप वर उचलले, आणि भीमाचार्यांनी बोट ठेवलं तिथे पकडीने वायर कापली. एक स्क्रू घरंगळत सोफ्याखाली गेला. तिने तो शोधला नाही. मग तिने आपल्या बेसमधले कोरे पिकअप आणि बॅटरीही तशीच काढून सतरंजीवर ठेवली. खाली पडलेल्या दोन उघड्या बेसांकडे मंडळी बघत राहिली.

"किती वर्षं शोधत होतो मी," शुभंकर म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "तुला नाही कळायचं ते."

"कळतं," ती म्हणाली. "म्हणून तर विचारायचं असतं. आणि यापुढे मला अगंतुगं करायचं नाही."

पिकअप परत बसवायला भीमाचार्यांनी बरेच दिवस घेतले. खोबणी आता फार मोठ्या होत्या. लाकडाच्या पट्ट्या तासून त्यांनी त्या भरल्या. पाठीवरच्या खणावर एक पितळी पत्रा ठोकला, तो काही शोभत नव्हता. आवाज परत आला. तसाच आला की थोडा पोकळ झाला, हे कावेरीला ठरवता येईना. भीमाचार्य म्हणाले, तसाच आहे. बँडमधले म्हणाले, तसाच आहे. तिला कुणाचंच खरं वाटत नव्हतं, आणि आपल्याच कानांवर विश्वास बसू नये अशी वेळ या माणसाने आणली, याने तिचं डोकं पुन्हा तापायचं.

रविवारची बैठक त्यानंतर काही दिवस चालली, मग मोडली. भीमाचार्यांनी जाणं थांबवलं तसं वायरिंग करायला कुणी उरलं नाही. शुभंकर पुढे अमेरिकेलाच गेला.

घरात कावेरीने काही तोडलं नाही. विश्वासरावांची औषधं, जेवण, दवाखाना, सगळं तीच बघत होती. फक्त बेस तिने घरी आणणं बंद केलं. बँडचा सराव एका गॅरेजमध्ये चाले, तिथल्या कपाटात तो कुलपात राहायचा. पूर्वी रोज संध्याकाळी ती खोलीत वाजवायची तेव्हा विश्वासराव व्हरांड्यातली खुर्ची ओढून दाराशी घ्यायचे. ऐकतोय असं कधी म्हणायचे नाहीत, चुकलं तर मात्र तिथूनच खोकायचे. आता ती खुर्ची व्हरांड्यातच असायची.

दसऱ्याच्या सुमारास एकदा तिने जेवायला वाढलं, तेव्हा ते पानाकडे बघत म्हणाले, "एकदा घरी आण ना. नुसतं ऐकायचं आहे."

"कुणाचा बेस आणू?"

ते बराच वेळ भात कालवत राहिले. तिला हवं होतं ते उत्तर दोन शब्दांचं होतं, तुझा बेस, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आयुष्यात ज्या एकाच वस्तूला त्यांनी माझी म्हटलं, ती सोडून देणं त्यांच्या जिभेवर येईना. शेवटी ते म्हणाले, "आपला."

"सरी. बरं," ती म्हणाली, आणि त्यांच्या पानात ताक वाढलं.

पुढच्या शनिवारी ती पबमधून परस्पर गॅरेजवर गेली, बेस कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. आपला. रिक्षात बसल्यावर तो शब्द तिने मनात उलटसुलट करून पाहिला, आणि चामराजपेट येईपर्यंत तिला कळलं की तेवढा आपल्याला पुरत नाही.