विचारायचं आणि गप्प बसायचं

डॉक्टर तामार रोहेकर स्वतः पेशंट होऊन समोर बसल्या, की इंटर्न पोरापोरींची पाचावर धारण बसायची. बाई कोकणातल्या ज्यू, म्हणजे बेने इस्रायली; रोह्याहून रोज पेणच्या दवाखान्यात यायच्या. नात्यातली झाडून सगळी माणसं इस्रायलला गेली, ह्या मात्र केस पिकले तरी इथेच. शिकवायच्या काय, तर नवराबायकोच्या संबंधांबद्दल पेशंटला विचारायचं कसं. तेही चक्क मराठीत, पुस्तकातल्या इंग्रजीआड लपायचं नाही.

मृणालीची त्यात रोज फजिती. गागोद्याची पोर, परीक्षेत कायम वरच्या नंबरात, पण इथे आली की नुसतं त त प प. "तुमचं... म्हणजे घरी... सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," पेशंट झालेल्या मॅडम पडेल चेहऱ्याने म्हणायच्या. मग झटकन डॉक्टर व्हायच्या. "अगं, उत्तर तूच दिलंस, मी फक्त मान डोलावली! सरळ विचार. आणि विचारलंस की गप्प बस. ती बोलेपर्यंत गप्प."

पोरं फिदीफिदी हसायची. मृणालीला मात्र वाटायचं, ह्या बाईसारखं बोलता आलं तर आणखी काय हवं! कसलाही आडपडदा नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला कुठे लाजल्यासारखं होत नाही.

त्या सोमवारी इंदुबाई आली. खाडीकडच्या मिठागरात राबलेली बाई, आवाज खणखणीत. सोबत सून, नमिता.

"दोन वर्सं झाली लग्नाला, पाळणा हालला नाय. सगल्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. आता तुमी काय ते सांगा. नायतर हिला माहेरी धाडते नि गोविंदाचं दुसरं लगीन लावते. माझा पोर कंपनीत हाय, पोरी रांगेत उभ्या ऱ्हातील!"

नमिताने मान वर केली नाही.

मॅडमनी सगळे रिपोर्ट चाळले. "इंदुबाई, चेहरा किती ओढलाय हो तुमचा! चला, आधी तुमचं बीपी बघू," म्हणत सासूला गोड बोलून बाहेर नेलीसुद्धा. जाताना मृणालीकडे नुसतं बघितलं. धन्य ती बाई!

मृणालीने खुर्ची नमिताजवळ ओढली. इतक्या तपासण्या झाल्या, आणि पहिली विचारायची गोष्ट कुणी विचारलेलीच दिसत नव्हती. आज आपण शेपूट घातली तर ही मुलगी माहेरी जाणार, हे तिला लख्ख कळत होतं.

"नमिता, तू सांगशील ते माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. तुमच्या दोघांत शरीरसंबंध होतो का?"

पंखा घरघरत होता. 'होत असेलच ना' असं अगदी ओठांवर आलं होतं, ते मृणालीने गिळलं. हात मांडीवर दाबून बसून राहिली.

"नाय," नमिता शेवटी म्हणाली. "एकदापण नाय. लय दुखतं. मी आखडते, मग ते बाजूला होतात. कधी टाकून बोलले नाय मला. आईंनापण सांगत नायत." आणि तिला रडू फुटलं.

मृणालीने तिला पोटभर रडू दिलं. मग समजावलं: भीतीने आतले स्नायू आपोआप आवळतात, त्यात तुझी चूक नाही. आधी मॅडम तपासतील, तू हो म्हणालीस तरच. मग व्यायाम शिकवू, हळूहळू जमतं, बऱ्याच जणी बऱ्या होतात. गोविंदालाही घेऊन ये. "सासूबाईंना काय सांगायचं, ते तू ठरव."

इंदुबाई आत आली ती तडकूनच. "काय मग? दोष कुनात हाय?"

मृणालीने तोंड उघडलं नाही. बोलली ती नमिता. "आई, आमच्यात अजून काय झालंच नाय. मला दुखतं. पण इलाज हाय."

आता ही बाई दवाखाना डोक्यावर घेणार, मृणालीने धसकाच घेतला. पण इंदुबाई तपासणीच्या खाटेवर टेकली आणि सुनेकडे बघत राहिली.

"मलापन दुखायचं," इंदुबाई म्हणाली. "गोविंदा पोटात ऱ्हाईस्तवर रोज रडायचे मी. सासू म्हनायची, नाटकं करते." तिने नमिताचा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि मृणालीवरच डाफरली, "तवा का नाय गो आलं तुमच्यातलं कोन इचारायला?"