बंद माईकने ऐकलेलं गाऱ्हाणं

मित्रांनो, तोंडाची जाळी चेपलेला आणि मानेला निळी चिकटपट्टी गुंडाळलेला तो कोपऱ्यात उभा आहे ना, तोच मी. मी एक जुना माईक आहे. बोलण्याआधी जो तो मला टिचकी मारतो, फुंकर मारतो. लागलं का रे, असं मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म दिल्लीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून मी माजलगावजवळच्या एका सहकारी दूध संस्थेत आलो. काय थाट होता माझा! वार्षिक सभेत अध्यक्ष विचारायचे, "मंजूर?" आणि सभासद गरजायचे, "मंजूर!" सभा संपली की मला मऊ फडक्याने पुसून कपाटात ठेवत. मग पाऊस रुसला. वैरण संपली, जनावरं बाजारात गेली, संस्थेला कुलूप लागलं. घाटनांदूरच्या मुंजाजी मंडपवाल्याने जुन्या खुर्च्यांबरोबर मलाही उचललं. तेव्हापासून लग्नं, बारशी, भाषणं. सगळे माझ्यातून बोलतात, माझ्याशी कुणीच बोलत नाही. फार एकटं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठाने वडवणीत पत्रकारांचा कार्यक्रम ठेवला. दुष्काळाच्या, पाण्याच्या बातम्या कशा द्याव्यात, हा विषय. शिवकन्याताई नावाच्या पत्रकार बाईंनी सोबत बायडाबाईंना आणलं होतं. बायडाबाई मेंढपाळ. त्यांच्या माळालगतचं तळं एका पाणीवापर संस्थेने कुंपण घालून उसासाठी राखलं होतं. मेंढरांना पाणी मिळेना. हे चारचौघांसमोर सांगावं, पेपरात यावं, एवढ्यासाठी त्या कळप सुनेवर सोपवून आल्या होत्या.

आधी सत्कार झाले. शाल, नारळ, पुन्हा शाल. मग प्रमुख पाहुणे 'तळागाळातला आवाज' या विषयावर बोलत राहिले, बोलतच राहिले. शेवटी पदर सावरत बायडाबाई माझ्यापुढे आल्या आणि वीज गेली.

"लोडशेडिंग! चला, जेवून घेऊ," कुणीतरी म्हणालं. भराभर खुर्च्या सरकल्या. शिवकन्याताई जनरेटरवाल्याला शोधायला धावल्या.

बायडाबाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू तरी आइक रं बाबा," त्या म्हणाल्या. "तळ्यात पाणी हाय. मेंढरं कुंपणाला तोंडं लावून उभी ऱ्हातेत. काल तांबडी मेंढी तिथंच बसली, उठलीच न्हाई. काहून अडवलं, कुणी सांगंना. आमी काय तळं उचलून नेतो का?"

कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होतं, आणि मला रडू येत होतं. त्यातला एक शब्दही मला पुढे पोचवता येईना. बोलून झालं तशा त्या बस गाठायला निघून गेल्या.

वीज आली. शिवकन्याताई धापा टाकत परतल्या आणि मला हातात धरून मोठ्याने विचारू लागल्या, "मावशी, कुठं आहात?" बाहेर पंगतीत जिलबी वाढणं चाललं होतं. त्या बसस्टँडकडे पळाल्या. गाठ पडली का, कुंपण निघालं का, मला कळलं नाही. मुंजाजीने मला पोत्यात घातलं होतं.

म्हणून बायडाबाईंचं बोलणं आज तुमच्या हवाली करतो. माझी जाळी कुणी पुसली नाही तरी चालेल. पण मित्रांनो, कुणी आपलं दुःख सांगायला उभं राहिलं आणि नेमकी वीज गेली, तर उठू नका. खुर्ची जरा पुढे ओढून घ्या.