पुनाचं नाव तेवढं ठेवा

"बंद कर गं ते!" नूर महंमद ओरडले. पण सून महेकच्या हातातल्या मोबाइलवर, मालिकेत, पुना पाटलीण मशाल घेऊन धावत सुटली होती आणि विणकरांच्या झोपड्या धडाधड पेटत होत्या. त्या पेटत्या झोपड्यांपुढे नायक-नायिकेला लगेच गाणंही सुचलं. नूर महंमदांना शिसारी आली.

ते धुळ्यातले जुने लूम कामगार. त्यांचे पणजोबा दुष्काळात आझमगडकडून पायी आले, वाटेत दोन लेकरं पुरून. पांझरा नदीकाठच्या एका गावात पुना नावाच्या बाईनं त्यांना गोठ्यात जागा दिली, हातमागासाठी जमिनीत खड्डाही खणून दिला. एवढीच गोष्ट. त्यात ना मशाल, ना मारामारी. तेव्हापासून दर आखाजीला, पितरांची घागर पूजतात त्या दिवशी, पुनाच्या घरी नूर महंमदांच्या घरचं लुगडं जातं. चार पिढ्यांत खंड पडला नव्हता.

मुंबईचे मालिकावाले आले, तेव्हा नूर महंमदांनी हे सगळं जीव ओतून सांगितलं. अट एकच घातली. पुनाचं नाव बदलायचं नाही.

त्यांनी मालिकेच्या लेखकाला, स्वप्नीलला, फोन लावला.

"काका, अट पाळली ना? नाव तेच ठेवलंय!"

"अरे बाबा, त्या बाईनं आसरा दिला होता!"

"चांगुलपणा कोण बघत बसतं, काका? तिसऱ्या भागात आग लागतेच. आणि खरं सांगू, लोकांना तुमची पुनाच जास्त आवडलीय."

मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. वर हा बाबा हसत होता! नूर महंमदांनी फोन ठेवला आणि उठून चूळ भरली.

आखाजीला ते लुगडं घेऊन गावी गेले. पुनाचे पणतू झुलाल आबा ओट्यावरच होते. एरवी हात धरून आत न्यायचे. आज बसून राहिले.

"बठ्ठा गावनी ती मालिका देखी, नूरभाऊ," आबा म्हणाले. "आमनी नात भूमिकाले कॉलेजमा मशालवाली म्हनतस. पुनाआजीनं नाव कोनी सांगं त्यासले?"

पुनाचं नाव कोणी सांगितलं, यावर खोटं बोलायला भरपूर जागा होती. मालिकावाल्यांची किळस होतीच, आता स्वतःच्या जिभेचीही आली.

"मीच सांगं, आबा. तिनं नाव ऱ्हावाले जोयजे म्हनीसन."

तिचं नाव राहावं म्हणून सांगितलं, हे ऐकून आबांनी मान खाली घातली. त्यांच्या पत्नी इंदिराबाई बाहेर आल्या. त्यांनी लुगडं दोन्ही हातांनी घेतलं, आत नेऊन घागरीपाशी ठेवलं, हात जोडले. चुलीकडून खापरावरच्या मांड्यांचा वास येत होता. मांडे आणि आमरस खाल्ल्याशिवाय या घरानं त्यांना कधी जाऊ दिलं नव्हतं. "जेवीसन जाय, भाऊ," असं इंदिराबाई दर वर्षी दटावून सांगायच्या.

"पुनाआजीले लुगडं पोचनं," एवढंच म्हणून त्या वळल्या.

नूर महंमद पायरीवर बसले. चपलेचा पट्टा लावायला त्यांनी उगाच वेळ लावला. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. हाक आली नाही.