आमच्या समक्ष

शरच्चंद्र टिपणीसांच्या मृत्युपत्रावर अपूर्वाने साक्षीदार म्हणून सही केली, तेव्हा टिपणीसांना जाऊन दोन दिवस झाले होते.

२०२० चा जुलै होता. अंधेरी पूर्वेच्या एका वकिली फर्ममध्ये अपूर्वा घाडी दोन वर्षं ज्युनिअर होती. लॉकडाऊनमध्ये फर्मने सहा जणांना घरी बसवलं होतं आणि उरलेल्यांना अर्ध्या पगारावर ठेवलं होतं. टिपणीसांचं काम फोनवरूनच आलं. शहात्तर वर्षांचे, मुलुंडला राहणारे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. कोविड झालेला, हॉस्पिटलात बेड नाही म्हणून घरीच ऑक्सिजन लावलेला. मुलगा देवव्रत त्यांच्याजवळ राहत होता आणि वडिलांचं घर आपल्या एकट्याच्या नावावर व्हावं, असं मृत्युपत्र त्याला हवं होतं. मुलगी ऋता घाटकोपरला. बिल्डिंग सील केल्यामुळे तिला येता येत नव्हतं.

"व्हिडिओवर करू," फर्मचे मालक अनिरुद्ध सर म्हणाले. "साक्षीला अपूर्वा आणि नितेश." नितेश ऑफिसचा क्लार्क.

जोगेश्वरीच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून अपूर्वाने तो कॉल बघितला. पांढरा बनियन घातलेला म्हातारा माणूस, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ग्लोव्ह घातलेल्या एका हाताने त्याचं मनगट धरलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि मग कागदावर. म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताने मास्क बाजूला केला.

"ऋताला विचारलंस का रे?"

तेवढ्यात आवाज बंद झाला. परत आला तेव्हा देवव्रत म्हणत होता, "झालं. दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं सर," नितेश म्हणाला. अपूर्वाच्या उत्तरासाठी कोणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी टिपणीस गेले. कागद कुरिअरने ऑफिसला पोचायला आणखी दोन दिवस लागले. नितेशने त्यावर सॅनिटायझर मारलं, त्यामुळे अंगठ्याची निळी शाई कडेने पसरली. खाली टाइप केलं होतं : मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या समक्ष अंगठा उठवला आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या. तारीख कॉलच्या दिवसाची.

"सर, हे तर गेले ना," अपूर्वा म्हणाली.

"म्हणून तर घाई आहे. कर सही. कुरिअरवाला खाली थांबलाय."

तिने सही केली. पेन कोणी तिच्या हातात कोंबलं नव्हतं, ते तिच्याच पर्समधलं होतं.

डिसेंबरात सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मास्क हनुवटीवर ओढून ते फाइल वाचत होते आणि बोट जिभेला लावून एकेक पान उलटत होते. नऊ महिने जगभर लोक एकमेकांच्या थुंकीला घाबरून मरत होते आणि हा माणूस तीच थुंकी पानापानाला लावून फाइल तिच्याकडे सरकवत होता. अपूर्वाने ती दोन बोटांत धरून उचलली.

"वर्षअखेरचं न्यूजलेटर," सर म्हणाले. "पहिल्या पानावर फर्मच्या बातम्या, मागे कायद्याचं एक टिपण. दोन्ही तू लिही. बातम्यांत टिपणीस घे. मरणाच्या दारातल्या बापाची शेवटची इच्छा आपण पूर्ण केली. महामारीत असं काम कोणी केलंय? फोटो देवव्रतने पाठवलाय, चेहरा पुसून टाक."

तो कॉलचाच फोटो होता. ग्लोव्हवाला हात कापून टाकला होता. आता बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हाताऱ्याने अंगठा आपणहून टेकवलाय. अपूर्वाने त्यातला चेहरा पुसला आणि तो पहिल्या पानावर लावला.

टिपण तिने लिहिलं. विषय सरांनीच दिला होता, महामारीतली मृत्युपत्रं. कायदा काय सांगतो ते तिने सरळ मांडलं : साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा ती सही आपली असल्याचं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि स्वतःची सही त्याच्यासमोरच करायला हवी. समोरच्या माणसाला त्या वेळी कळतंय, तो स्वतःच्या मर्जीने करतोय, हेही बघायला हवं.

सरांनी तो परिच्छेद आडव्या रेघेने खोडला. "हे वाचून क्लायंट येतील की पळतील?"

"पण सर, कायदा तोच आहे."

"कायदा मला शिकवू नकोस. 'तज्ज्ञांचा सल्ला घ्या' एवढं लिही." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "आणि हे ॲफिडेव्हिट. मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घ्यायचंय. तू हजर होतीस, ते शुद्धीत होते, तुम्ही एकमेकांसमोर सह्या केल्यात. वाचायची गरज नाही."

तिने वाचलं. "हे मी नाही करणार."

"सही करताना कुठे गेलं होतं हे शहाणपण?"

सर हसले आणि कागद नितेशला द्यायला सांगितला. "एका साक्षीदारावरही भागतं. न्यूजलेटर तेवढं आज जाऊ दे."

ते तिने पाठवलं. तीन हजार पत्ते होते. खाली संपर्कासाठी तिचंच नाव आणि मोबाइल नंबर होता.

घरी आल्यावर तिने आईवडिलांना सगळं सांगितलं. रुक्मिणीने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "मेल्या माणसाच्या कागदार सही केलंस? कित्याक गो बाय?"

"नोकरी गेली असती आई."

लवू घाडी खाटेवर बसून ऐकत होते. गिरणी बंद पडल्यावर धरलेली त्यांची वॉचमनची नोकरी लॉकडाऊनच्या पहिल्याच महिन्यात गेली होती, म्हणून घर अपूर्वाच्या अर्ध्या पगारावर चालत होतं. "गिरणीत मी दुसऱ्याची हजेरी कधी लावूक नाय," एवढंच म्हणाले आणि जेवायला उठलेच नाहीत.

दोन दिवसांनी अपूर्वाला फोन आला.

"मी ऋता टिपणीस. तुमचं न्यूजलेटर आमच्या बँकेत येतं. पहिल्या पानावरचा फोटो माझ्या बाबांचा आहे का?"

"चेहरा तर दिसत नाहीये त्यात."

"अंगठा दिसतोय. कागद कापायच्या यंत्रात त्यांचं नख चिरलं होतं, मधोमध. मी दुसरीत होते. दादा म्हणाला, वकील घरी आले होते, बाबांनी सगळं नीट बोलून केलं. फोटो तर मोबाइलवरचा वाटतोय. कोण आलं होतं घरी?"

"कोणीच नाही," अपूर्वा म्हणाली. "मी भेटून सांगते."

त्या संध्याकाळी त्या अंधेरीला मेट्रोच्या जिन्याखाली भेटल्या. ऋता चाळिशीची, बँकेचं आयकार्ड गळ्यातच होतं. अपूर्वाने सुरुवातीपासून सांगितलं. ग्लोव्हवाला हात, बंद झालेला आवाज, तीन दिवसांनी केलेली सही. काही गाळलं नाही.

"आवाज बंद व्हायच्या आधी ते काही बोलले?"

"'ऋताला विचारलंस का रे,' असं म्हणाले."

ऋताने मान फिरवली. रिक्षावाले सीप्झ, सीप्झ ओरडत होते. ती परत बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"हे ऐकून तू सही केलीस?"

"हो."

"तुझे वडील असते तर?"

ऋता अपूर्वाकडे बघत होती, चपलेला काही घाण लागली की माणूस बघतो तसं. अपूर्वाला ते अन्यायाचं वाटलं नाही. तो फोटो हातात आल्यापासून ती स्वतःकडे तसंच बघत होती.

"कोर्टात सांगशील?" ऋताने विचारलं.

"सांगेन. लिहून देते."

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला आणि ऋताला काय लिहून देणार आहे तेही सांगितलं. सरांनी तो वाचलाही नाही. "वकिली विसर," म्हणाले. "स्वतःच्या हाताने खोटी साक्ष दिली, असं लिहून देणाऱ्या वकिलाला कोण उभं करेल?"

ऋताच्या वकील प्रेमा सामंत मुलुंडला बसायच्या. त्यांनी अपूर्वाचं ॲफिडेव्हिट तयार ठेवलं होतं. त्यात एक वाक्य होतं : वरिष्ठांच्या दबावाखाली मी सही केली.

"हे काढा," अपूर्वा म्हणाली.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी घातलंय. उद्या तुझ्या सनदेवर येईल ते."

"दबाव नव्हता. 'कर सही' म्हणाले, मी केली."

प्रेमाताईंनी ऋताकडे बघितलं. ऋता म्हणाली, "ती म्हणतेय तर काढा." अपूर्वाने स्वतःच ते वाक्य खोडलं, बाजूला सही केली आणि मृत्युपत्र ऑफिसला घेऊन आलेल्या कुरिअरच्या पोचपावतीची, नोकरी सोडताना काढून घेतलेली झेरॉक्स जोडली. पावतीवर तारीख होती, मृत्यूच्या दाखल्यावरही होती. दोन कागद शेजारी ठेवले की तिसऱ्या कोणाच्या बोलण्याची गरज उरत नव्हती.

देवव्रतने मार्चमध्ये मृत्युपत्र मंजुरीचा कोर्टातला अर्ज मागे घेतला. घर दोघांच्या नावावर झालं. पुढे ते विकलं गेलं आणि बहीणभावांचं बोलणं कायमचं बंद झालं. ऋताने फोन करून हे कळवलं. आभार मानले नाहीत.

अनिरुद्ध सरांनी सगळा दोष नितेशवर आणि अपूर्वावर टाकला. नितेश तरीही तिथेच काम करतो. वकिलांच्या शिस्त समितीपुढे दोन तक्रारी आहेत, एक सरांवर आणि एक अपूर्वावर. पहिलीत तारखांवर तारखा पडतायत. दुसरीत अपूर्वा प्रत्येक तारखेला वेळेवर हजर राहते आणि ती सही तूच केलीस का, असं विचारलं की हो म्हणते.

सध्या ती दहिसरला, चेक नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल लावून बसते. भाडेकरार, नाव बदलायचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा. मृत्युपत्रासाठी कोणी आलं तर ती पुढच्या गल्लीतल्या वकिलाचा पत्ता देते.