आठ दिवसांच्या बोलीवर

मी बोलतोय, दंतवैद्यांच्या पिशवीतला दुसरा कॅमेरा. दुसरा म्हणजे थोरल्या कॅमेऱ्याला काही झालं तरच बाहेर काढायचा. त्यामुळे घरात सगळे थोरल्याच्या तब्येतीला जपायचे आणि मी मनातल्या मनात त्याच्या आजारपणाची वाट बघायचो. स्वभाव वाईट आहे माझा, कबूल.

माझा पहिला मालक लग्नांचे फोटो काढायचा. तिथे माणसं सांगितलं की हसायची. त्याला नवा कॅमेरा मिळाला आणि मी जुन्या मालाच्या दुकानात काचेच्या कपाटात जाऊन बसलो. तिथून डॉक्टरांनी मला आठ दिवसांच्या बोलीवर आणलं. पसंत पडलो तर ठेवायचं, नाहीतर रविवारी संध्याकाळी परत. त्या कपाटात मला परत जायचं नव्हतं.

डॉक्टरांनी मला पेशंटच्या खुर्चीवर ठेवलं, दिवा ओढला, छोट्या आरशानं आत डोकावले आणि सवयीनं म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

मग परीक्षा सुरू झाली. तारेवरचा कावळा, टॉवेलवरची चिमणी. माझा आवाज जरा मोठा, खट्याक् झालं की चिमणी पसार. डॉक्टर प्रत्येक फोटो मोठा करून बघायचे आणि कुठेतरी कीड शोधायचेच. शनिवारपर्यंत त्यांनी माझं खोकंसुद्धा शोधून ठेवलं.

रविवारी सकाळी ते तळ्यावर निघाले. खंड्या पक्ष्याच्या फोटोसाठी ते सहा महिने झुरत होते. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, त्याही बरोबर आल्या. डॉक्टरांनी मला त्यांच्या हाती दिलं आणि थोरल्याला काही झालंच तर पुढे करायचं, एरवी हूं की चूं करायचं नाही, असं बजावलं. मग हिरवं कापड डोक्यावरून घेऊन ते बसले. बाहेर फक्त त्यांचा चेहरा आणि थोरल्याची लांबलचक नळी, पाण्यावर वाकलेल्या फांदीसारखी.

दोन तास गेले. डॉक्टर एक डोळा मिटून समोरचा काठ न्याहाळत होते. तेवढ्यात खंड्या आला आणि थेट त्या नळीवरच बसला.

वहिनींनी मला उचललं. खट्याक्! त्या आवाजासरशी खंड्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, वहिनींनी पुन्हा बटण दाबलं आणि तो उडाला.

"आवाज कसला केलास?" डॉक्टर कापडातून बाहेर आले. "आता कसला येतोय तो."

वहिनींनी मला त्यांच्यापुढे धरलं. डॉक्टरांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. खंड्याच्या डोळ्यातली चमकसुद्धा आली होती. कीड काही सापडेना.

"मी मात्र पुसट आलोय," ते शेवटी म्हणाले.

"अहो, आपण पक्षी बघायला आलो होतो ना?"

संध्याकाळी माझं खोकं रद्दीत गेलं. तो फोटो आता दवाखान्यात टांगलाय आणि मागचा पुसट माणूस कोण, असं पेशंट विचारतात. मी मात्र वहिनींचा झालो. त्या माझ्यात दोष शोधत नाहीत, बटण दाबतात आणि खूश होतात.

तेव्हा वाचकहो, एकच विनंती. थोरल्यासाठी उदंड आयुष्य मागा. तो आजारी पडला, तर मला पुन्हा डॉक्टरांच्या हाती जावं लागेल.