न उतरलेला रंग

मी परिना बोलतेय. तुमच्याकडे मला रोहित पक्षी म्हणतात, कुणी अग्निपंख. बोलिव्हियाच्या डोंगरमाथ्यावर, माणसाला श्वास पुरत नाही इतक्या उंचीवरच्या खाऱ्या तळ्यात मी जन्मले आणि बहुतेक इथेच संपेन.

माझ्या पायांना लोक हसतात. पण हे पाय आहेत म्हणून, इतरांची कातडी सोलून निघेल अशा पाण्यात मी दिवसभर उभी राहते. पायांनी चिखल ढवळायचा, चोच उलटी धरायची, पाणी गाळून टाकायचं आणि शेवाळाचा कण न् कण गिळायचा. त्या शेवाळानंच मी गुलाबी होते. कडाक्याच्या थंडीत एक पाय पोटाशी घेते. दुसरा बर्फात अडकतो, तो ऊन आल्यावर सुटतो. याची तक्रार मी कधी केली नाही.

चिखलाच्या उंचवट्यावर आम्ही एकच अंडं घालतो. काठावरच्या गावातली माणसं ते न्यायला पिढ्यान् पिढ्या येतात. आधी जमिनीला कोकाची पानं वाहतात, मग घेतात. नियम ठरलेला : पहिली वीण माणसांची, दुसरी पाखरांची. डिसेंबरात, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात, अंडं गेलं की आम्ही पुन्हा घालायचो आणि त्याला कुणी हात लावत नसे. म्हातारी एउलालिया तर तेव्हा आपली लामा जनावरंसुद्धा तळ्याकडे फिरकू द्यायची नाही.

यंदा पलीकडच्या काठाला मोठाले नळ बसले आणि तळ्याचं पाणी ओढून नेऊ लागले. घरट्यापुरता ओला चिखलही मिळेना. पाऊस येऊन उंचवटे उभे राहीपर्यंत फेब्रुवारी उजाडला. कार्निव्हलच्या आदल्या दिवशी एउलालिया आली, मागे टोपली घेऊन तिची सून बासिलिया.

"आई, यंदा राहू द्या," सून म्हणाली. "उशीर झालाय. थंडीच्या आत दुसरं कुठलं घालणार या?"

"तू कधीपासून पाखरांची सुईण झालीस? पहिली वीण आपली. माझ्या आजीपासून चालत आलंय."

"आजीच्या वेळी पाणी होतं हो."

"बडबड पुरे. टोपली धर."

मी दोन पावलांवर उभी होते. म्हातारीनं माझं अंडं फार हळुवार उचललं. वाईट बाई नाही ती, म्हणून तर मला रागावताही येत नाही.

पुन्हा घालायला ना दिवस उरले, ना अंगात बळ. थंडी लागली तशी एउलालिया सुनेला घेऊन पिल्लं बघायला आली. तिला आमची खूण ठाऊक आहे. पिल्लाला आम्ही घशातलं लाल दूध पाजतो, त्यात आमचाच रंग जातो आणि आईबाप पांढरट पडतात. ती काठावरून बघत राहिली. अख्खा थवा गुलाबी होता.

"एकीचाही रंग उतरला नाही गं," ती म्हणाली आणि तिथंच मिठात बसली. "माझ्या हातातून हिसकावून का नाही घेतलंस?"

"टोपली मीच धरली होती, आई," बासिलिया म्हणाली.



आता रोज गाड्या भरून पाहुणे येतात. किती सुंदर रंग, म्हणतात आणि फोटो काढतात. मी रिकाम्या उंचवट्याला अजून चिखल लावत असते, दुसरं काय करावं ते कळत नाही. तुम्ही आलात तर एवढंच करा, माझ्या रंगाचं कौतुक करू नका. तो माझ्या पिल्लाच्या वाट्याचा होता.