सातवं कलम

बाईंनी दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, आणि हे सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं. निवडून येण्याआधी त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून विरोधकसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणत. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी जो जो कायदा आला, त्याच्या बाजूने बाईंचं मत पडलेलं होतं. निवाऱ्यांना पैसे द्यायचे होते, बाजूने. पोलीस ठाण्यात वेगळी खोली हवी होती, बाजूने. एकदा तर अंगात ताप असताना शाल गुंडाळून येऊन बसल्या, तेव्हाही बाजूने. महिला संघटना दर निवडणुकीआधी एकेका सदस्याने कुठे काय मत दिलं ते छापून वाटायच्या. बाईंचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्यात लिहिलेलं असायचं.

म्हणूनच तर वकीलसाहेबांनी त्यांना फोन केला. दुसऱ्या कुणावर त्यांनी विश्वास टाकलाही नसता.

वकीलसाहेब समोरच्या बाकांवरचे. हसतमुख माणूस, कुणाच्या लग्नाला किंवा मयताला न चुकणारा. सकाळी बाई केस विंचरत होत्या तेव्हा फोन वाजला.

"बाई, सकाळी सकाळी त्रास देतोय. आमच्याकडे जरा अपघात झालाय. बायको काल जिन्यावरून पडली. बरगड्यांना मार आहे, हात मोडलाय. दवाखान्यातूनच बोलतोय. आज माझ्याशी जोडी लावाल का?"

जोडी लावणं ही त्या सभागृहाची जुनी पद्धत. एका बाजूचा सदस्य घरच्या अडचणीमुळे अडकला, की दुसऱ्या बाजूच्या एकाने आपणहून मतदानाच्या वेळी बाहेर राहायचं. इकडचं एक कमी, तिकडचं एक कमी, फिटंफाट. कुठे सही नाही की शिक्का नाही, सगळं बोलण्यावर चालायचं.

बाईंनी लगेच हो म्हणून टाकलं. बायको दवाखान्यात पडली आहे म्हटल्यावर विचार कसला करायचा? शिवाय विधेयक आरामात पास होणार होतं. पक्षाच्या प्रतोदाने, म्हणजे मतं गोळा करणं हेच ज्याचं काम त्या माणसाने, आदल्या दिवशी हिशोब मांडून दाखवला होता. बाई नसत्या तरी भागलं असतं.

"तुम्ही काळजी करू नका. त्यांच्याजवळ थांबा," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी वेणी पुरी केली.

आता हे विधेयक काय होतं, ते सांगायला हवं. त्यात बरीच कलमं होती, पण बाईंचा जीव अडकला होता तो सातव्या कलमात. कलम साधं होतं. अंगावर मार असलेली बाई दवाखान्यात आली, की घरच्या माणसांना खोलीबाहेर काढायचं आणि काय झालं ते तिला एकटीला विचारायचं. डॉक्टरांवर ते बंधनकारक. बस, एवढंच. यावर वकीलसाहेब भाषणात म्हणाले होते, "आज नवऱ्याला दवाखान्यातून बाहेर काढताय, उद्या घरातून काढाल!" सगळे हसले होते. बाई हसल्या नव्हत्या.

कारण हे कलम बाईंनी लिहिलं होतं ते आपल्या भाचीसाठी. मोठ्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी तिची बडबड इतकी, की घरात तिचं नाव टकळीच पडलं होतं. जेवताना टकळी, झोपेत टकळी. लग्न झालं आणि बघता बघता त्या पोरीची बोलती बंद झाली. पुन्हा पुन्हा ती दवाखान्यात आली, आणि दर वेळी नवरा उशाशी उभा. डॉक्टरांनी विचारायचं, काय झालं? त्याने सांगायचं, पडली. मग तिनेही म्हणायचं, हो, पडले. ताईसुद्धा तिथेच असायची. तिनेही लेकीला विचारलं होतं, पण त्याच्यासमोरच. शेवटच्या वेळी विचारायला ती उरलीच नव्हती.

तेव्हापासून ताई बाईंच्या घरीच राहत होती. ती रडायची नाही. दिवसभर काहीतरी पुसत बसायची, पुसलेलंच पुन्हा पुसायची. बाईंनी एके दिवशी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, मी कायदा आणते. मी असेपर्यंत पास करून घेते." ताईने एवढंच म्हटलं होतं, "आण."

मतदानाच्या दिवशी ताई प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली. ठेवणीतलं लुगडं नेसून, पहिल्या रांगेत. जोडीचं बाईंनी तिला गाडीत सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पास होतंय ना? मग झालं. बिचारीला फार लागलंय का?"

दुपारी सगळंच फिरलं. बाईंच्याच बाजूच्या दोघांनी ऐनवेळी शेपूट घातलं. एकाला अचानक कायद्यात खोट दिसली, दुसऱ्याला आपल्या मतदारसंघातले जुन्या वळणाचे ज्येष्ठ नागरिक आठवले, आणि दोघंही विरोधात मत द्यायला निघाले. बाई कँटीनमध्ये खिडकीजवळ बसल्या होत्या. समोरच्या चहावर साय धरली होती. प्रतोद धावत आला, त्याचा टाय मानेमागे गेला होता.

"बाई, उठा. समसमान होतायत."

समसमान मतं पडली की विधेयक पडायचं, असा तिथला नियम होता.

"मी जोडी लावलीय."

"तुमच्या मताने पास होईल, बाई! एका मताने! कोण विचारतंय नंतर? दोन दिवस बोंब मारतील आणि गप्प बसतील."

"त्यांची बायको दवाखान्यात आहे. माझ्या भरवशावर ते तिथे बसलेत."

"आणि तुमची बहीण वर सज्जात बसलीय," प्रतोद म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण वर्मावर बोट ठेवणं हा त्याचा धंदाच होता.

मतदानाची घंटा वाजू लागली. ती वाजत असेपर्यंत दारं उघडी असतात. बाई उठल्या. कँटीनच्या दारापर्यंत गेल्या. तिथून सभागृहाचं दार दिसत होतं, आणि पट्टेवाला त्यांच्याकडेच बघत दार धरून उभा होता. आज मी बिनधास्त आत गेले, तर पुन्हा या सभागृहात आजाऱ्याच्या उशाशी कुणाला बसता येणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. नवरा बायकोजवळ बसलाय, त्याला फसवून कसला कायदा आणायचा? त्या तिथेच उभ्या राहिल्या. घंटा थांबली. दार लागलं.

समसमान. विधेयक पडलं.

गाडीत ताई खिडकीबाहेर बघत राहिली. बाईंना वाटत होतं, ताईने बोलावं, शिव्या द्याव्यात, निदान रडावं. घरी आल्यावर ताईने लुगड्याची नीट घडी घातली आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात यादी आली. बाजूने, विरोधात आणि सर्वांत खाली, गैरहजर. गैरहजरांत दोनच नावं, एकाखाली एक: वकीलसाहेबांचं आणि बाईंचं. ज्याने कलमाची टिंगल केली तो आणि जिने ते लिहिलं ती, कागदावर दोघांची किंमत सारखीच. महिला संघटनेच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. "असं कसं झालं हो?" एवढंच विचारून थांबल्या, आणि बाईंना ते जास्त लागलं.

स्वयंपाकघरात ताई डबा भरत होती. मऊ भात, वर तुपाची धार.

"कुणाला?"

"त्या वकिलाच्या बायकोला. हात मोडलाय म्हणालीस ना? तिचा काय दोष यात? चल, बघून येऊ."

बाईंना तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण दोघींना तशी सवय नव्हती. त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या.

दवाखान्यातली खोली कोपऱ्यातली, स्वतंत्र होती. वकीलसाहेब उशाशी खुर्चीवर बसले होते. ते लगबगीने उठले, बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"बाई, काय बोलू? तुम्ही शब्दाला जागलात म्हणून मला हिच्याजवळून क्षणभरही हलावं लागलं नाही."

पलंगावर त्यांची बायको होती, तिचा एक हात प्लास्टरमध्ये होता. एक डोळा सुजून मिटला होता, दुसरा उघडा होता आणि नवऱ्याकडे लागलेला होता. ताईने डबा टेबलावर ठेवला. ती पलंगाजवळ गेली आणि तिथेच थबकली. बाईंनी बहिणीचा चेहरा पाहिला, मग तिची नजर जिथे होती तिथे पाहिलं. प्लास्टरच्या वर, दंडावर, चार बोटं उमटली होती. जिन्याला बोटं नसतात.

"कशी पडलीस, बाळ?" ताईने विचारलं.

"जिन्यावरून," वकीलसाहेब म्हणाले. "घाईघाईत उतरत होती."

"मी तिला विचारलं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "जिन्यावरून," ती म्हणाली. "पडले."

ताईचा आवाज मुळीच चढला नाही. "तुम्ही जरा बाहेर जाता का? मला हिच्याशी बोलायचंय."

वकीलसाहेब हसले. अगदी समजूतदार हसू. "ताई, तुमचं दुःख मला कळतं. पण तसा काही कायदा नाही ना आपल्याकडे." मग बाईंकडे वळून ते हळूच म्हणाले, "यांना घरी घेऊन जा, बाई. फार मनाला लावून घेतलंय त्यांनी."

बाईंचे कान तापले. त्या बाहेर पडल्या आणि कॉरिडॉरमध्ये जी पहिली नर्स दिसली तिला त्यांनी जवळजवळ दंडाला धरूनच थांबवलं.

"त्या कोपऱ्यातल्या पेशंटला एकटीला कुणी काही विचारलं का?"

नर्सने मागेपुढे पाहिलं. "कसं विचारणार, मॅडम? साहेब हलतच नाहीत. काल डॉक्टर मॅडमनी वेळ काढून ठेवली होती. साहेब मतदानाला जाणार म्हणून. त्या म्हणाल्याही त्यांना, तुम्ही निवांत जाऊन या, आम्ही बोलतो यांच्याशी. त्यावर साहेबांनी बाहेर जाऊन एक फोन केला आणि आत येऊन म्हणाले, आता जायची गरज नाही, सोय झालीय."

बाईंना सगळं आठवलं. कालची ती सकाळ, तो फोन, वेणी घालता घालता मोठ्या मनाने दिलेला तो होकार. *त्यांच्याजवळ थांबा*, आपणच म्हणालो होतो. ती सोय म्हणजे आपणच होतो.

"पोलिसांना कळवा," त्या म्हणाल्या.

"काय म्हणून? पडले असं तिने स्वतः लिहून दिलंय. आणि ते आज घरी नेतायत तिला. सही करून, स्वतःच्या जबाबदारीवर."

बाई परत आत गेल्या. जे सुचलं ते सगळं त्या बोलल्या. रागाने बोलल्या, मग विनवून बोलल्या, आणि सभागृहात कधी केली नव्हती अशी धमकीही देऊन पाहिली. वकीलसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि व्हीलचेअर मागवली. बाई सरळ त्यांच्या बायकोसमोर वाकल्या. "तुम्ही नाही म्हणा. फक्त नाही म्हणा, मी तुम्हाला इथून माझ्या घरी नेते."

तिचा उघडा डोळा भरून आला. "मुलं घरी आहेत," ती म्हणाली. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. एवढी मोठी गोष्ट उभ्या उभ्या, नवऱ्यासमोर कुणाला सांगता येते?

व्हीलचेअर निघाली. ताई डबा घेऊन तिच्या बाजूने लिफ्टपर्यंत चालत गेली आणि तो तिच्या मांडीवर ठेवला. वकीलसाहेबांनी आभार मानले. लिफ्टचं दार मिटलं.

दोघी बहिणी बंद दारासमोर उभ्या राहिल्या. बाईंना रडू आवरेना. आयुष्यभर इतकी मतं दिली, आणि जे एक द्यायचं होतं तेच या माणसाला भेट देऊन बसलो, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. काल रात्रीपासूनचा तिचा हा पहिला स्पर्श होता.

"परत आणता येतो ना कायदा?" तिने विचारलं.

"येतो," बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "पण पडलेलं विधेयक वर्षभर आणता येत नाही. वर्षाने पुन्हा मांडीन."

"वर्ष," ताई म्हणाली. खाली जाणाऱ्या लिफ्टचे आकडे ती बघत होती. "टकळीला एवढं कुठे मिळालं होतं?"